शिकाऱ्याचा शब्द, वाघाचे पट्टे

इंग्रजी अमदानीतल्या शिकारी मंडळींत वाघाच्या मालकीचा नियम ठरलेला होता. ज्याच्या गोळीने वाघाचे पहिले रक्त सांडले, वाघ त्याचा. प्राण घेणारी गोळी दुसऱ्याची असली तरी कातडे, नखे आणि कवटी पहिल्याच्या घरी जायची. हाक्यात उठलेल्या वाघावर दोन मचाणांवरून एकदम बार निघाले, की पहिली गोळी कोणाची हे रात्री शेकोटीपाशी ठरे. त्यासाठी ना पंचनामा होई, ना कोणी गोळी काढून तपासे. साहेबाने ‘माझी’ म्हटले की ती त्याची. चांदा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या, जंगलांतून शंभर वर्षांत बाहेर गेलेल्या कातड्यांचा, शिंगांचा आणि भुसा भरलेल्या मुंडक्यांचा इतिहास याच शब्दावर उभा आहे. खेळाडूने ‘त्या सामन्यात हीच बॅट होती’ म्हणावे आणि संग्राहकाने मान डोलवावी, तसलाच हा व्यवहार. शिकारीलाही त्या काळी खेळच म्हणत.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे आला. पुढे तो मध्य प्रांताचा जिल्हा झाला. पश्चिमेला वर्धा, मधून वैनगंगा, दोन्ही मिळून झालेली प्राणहिता, दक्षिणेला सिरोंचाजवळ गोदावरी आणि पूर्वेला इंद्रावती अशा नद्यांच्या या मुलखात उत्तरेला ताडोबाचे बांबूचे रान, तर दक्षिणेला आलापल्लीचे साग होते. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांचे जंगल त्याहून वेगळे. 1878 च्या वन कायद्याने सरकारी जंगले राखीव झाली आणि त्यांत शिकारीवर नियम घालायचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडले गेले. ठरावीक दिवसांसाठी एका परवानाधारकाला एक ब्लॉक मिळे, किती आणि कोणती जनावरे मारायची ते परवान्यावर लिहिलेले असे आणि मुदत संपली की काय मारले हे त्यानेच लिहून द्यायचे असे. वन खात्याच्या दप्तरातली नोंद म्हणजे शिकाऱ्याचा शब्दच, फक्त शाईत उतरवलेला.

या व्यवस्थेत सर्वांत जास्त माहिती ज्याच्याकडे होती त्याचा शब्द मात्र कुठे लिहिला जात नसे. वाघ कोणत्या नाल्यातून येतो, आमिषाचा गारा कुठे बांधायचा, हाका कोणत्या बाजूने लावायचा आणि वाघ कोणत्या मचाणाखालून निघेल हे गोंड माग काढणाराच सांगे. हाकेवाल्यांना दिवसाचे काही आणे मिळत. झाडावर बसून वाघाची वाट अडवणारे ‘रोखे’ तर सगळे डोळ्यांनी पाहत. कोणाची गोळी लागली, कोणाची झाडाच्या बुंध्यात शिरली, जखमी वाघ कोणी सोडून दिला आणि दुसऱ्या दिवशी कोणाला तो मेलेला सापडला, हे सगळे त्यांना ठाऊक. पण राखीव जंगलात बाण सोडला तर हाच माणूस कायद्याने चोरटा ठरे, आणि चोरट्याची साक्ष साहेबाच्या शब्दापुढे कोण घेणार? शिकारीवरच्या इंग्रजी पुस्तकांत त्याचा उल्लेख येतो तो बहुधा मिशांच्या संदर्भात. मेलेल्या वाघाच्या मिशा, नखे, चरबी आणि खांद्यातली दोन सुटी छोटी हाडे हाकेवाले पळवतात, म्हणून कातडे सोलून होईपर्यंत पहारा ठेवावा, असा सल्ला ही पुस्तके देतात. ट्रॉफीतून काय गायब झाले याची चौकशी होई. ती मुळात कोणाची, याची होत नसे.

बक्षिसाचा रिवाज शेजारी ठेवला की हा भेद जास्तच उघडा पडतो. हिंस्र जनावरे मारणाऱ्याला सरकार रोख बक्षीस देई. इतिहासकार महेश रंगराजन यांनी या नोंदींवरून काढलेला अंदाज असा की 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात 80,000 हून अधिक वाघ आणि दीड लाखांहून अधिक बिबटे मारले गेले. हे बक्षीस मागायला येणाऱ्या गावकऱ्याच्या तोंडी सांगण्यावर एक पैसाही सुटत नसे. त्याला मारलेले जनावर किंवा त्याचे कातडे कचेरीत हजर करावे लागे आणि तेच कातडे दुसऱ्यांदा दाखवून पैसे उकळले जाऊ नयेत याची काळजी घेतली जाई. एकाच जंगलातल्या एकाच जातीच्या जनावराला असे दोन कायदे होते. गावकऱ्याकडून पुरावा मागायचा, परवानाधारकाकडून शब्द घ्यायचा.

शब्दाची पहिली खरी कसोटी लागली ती मालकीवरून नव्हे, लांबीवरून. वाघ मोजायच्या दोन पद्धती होत्या. एकीत मेलेला वाघ सपाट जमिनीवर ताठ ठेवून नाकाच्या टोकाशी एक आणि शेपटीच्या टोकाशी एक अशा दोन खुंट्या ठोकत. वाघ बाजूला करून खुंट्यांमधले सरळ अंतर मोजत. दुसरीत टेप कपाळावरून, मानेवरून, पाठीच्या वळणांवरून शेपटीपर्यंत नेत. दुसऱ्या मापात वाघ आपोआप काही इंच वाढतो. आणि कातडे सोलून, ओले असताना खुंट्यांवर ताणून वाळवले तर नऊ फुटांचा वाघ दहा फुटांच्या पुढे सहज जातो. दहा फूट हा शिकाऱ्यांच्या अब्रूचा आकडा होता. घरी लावलेल्या कातड्याखाली ‘दहा फूट दोन इंच’ लिहिलेले असे. कोणत्या पद्धतीने मोजले, हे लिहिलेले नसे.

जोसेफ फेरर या डॉक्टरने 1875 मध्ये बंगालच्या वाघावर पुस्तक लिहिले, तेव्हा दहा फुटांपलीकडच्या वाघांची मापे त्याने ओळखीच्या, भरवशाच्या शिकाऱ्यांच्या सांगण्यावरून स्वीकारली. मध्य प्रांतात सिवनीला राहिलेल्या रॉबर्ट स्टर्नडेलने 1884 च्या आपल्या सस्तन प्राण्यांच्या ग्रंथात वाघाच्या लांबीच्या वादावर बरीच जागा खर्च केली. वादाचे मूळ प्राणिशास्त्रात नव्हतेच. सभ्य माणसाच्या आकड्यावर शंका घेणे म्हणजे त्याला खोटे पाडणे, आणि ते कोणाला नको होते. मग मार्ग निघाला तो गमतीतून. व्हाइसरॉयच्या शिकारीसाठी अकरा इंचांचा फूट असलेली खास टेप ठेवतात, हा किस्सा क्लबांमधून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. किस्सा खरा की खोटा यापेक्षा तो ऐकून सगळे हसत, हे महत्त्वाचे. आकडे फुगवलेले असतात हे प्रत्येकाला माहीत होते.

या गोंधळात एक वन अधिकारी मात्र वेगळा निघाला. ए. ए. डनबार ब्रँडर मध्य प्रांताच्या वन खात्यात होता आणि 1923 च्या त्याच्या पुस्तकात मध्य भारतातल्या प्राण्यांची स्वतः जमवलेली मापे आहेत. त्याने 42 प्रौढ नर वाघांचे सरासरी वजन 420 पौंड, म्हणजे सुमारे 190 किलो, आणि 39 माद्यांचे सुमारे 290 पौंड दिले. ताणलेल्या कातड्यांच्या तुलनेत हे आकडे दिसायला साधे वाटतात. पण वजनकाट्याला वळणे नसतात. आजही मध्य भारतातल्या वाघाचे वजन सांगताना अभ्यासक त्याच्याकडेच वळतात. एका मोठ्या वाघापेक्षा बेचाळीस सामान्य वाघांची नोंद जास्त खरी असते, हे त्याला कळले होते.

लंडनमध्ये पिकॅडिलीला दुकान असलेल्या रोलंड वॉर्ड या भुसा भरणाऱ्या कारागिराने 1892 मध्ये जगभरच्या शिकारीच्या मापांचे पुस्तक काढले. पुढच्या आवृत्त्यांत ते ‘रेकॉर्ड्स ऑफ बिग गेम’ या नावाने प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातल्या गव्यांची, सांबरांची, रानरेड्यांची शिंगे या यादीत चढवण्यासाठी धडपड सुरू झाली, कारण यादीत नाव म्हणजे आयुष्यभराची प्रतिष्ठा. वॉर्डने एक शहाणपणा केला. दुकानात मोजलेली मापे आणि मालकाने पत्राने कळवलेली मापे त्याने एका तराजूत तोलली नाहीत. दुसऱ्या प्रकारापुढे ‘मालकाचे माप’ अशी खूण असे. रानात पडलेली, कोणी मारली ते ठाऊक नसलेली शिंगेही यादीत येत, पण ‘सापडलेली’ या शेऱ्यासह. खेळातल्या वस्तूंच्या आजच्या व्यापारात जे दर्जे लावले जातात, त्यांची पहिली रूपरेषा या दोन शेऱ्यांत आहे. एकात वस्तू खरी असते, गोष्ट मालकाची. दुसऱ्यात वस्तू खरी असते आणि गोष्टच नसते.

शिंगांचा प्रश्न कातड्याहून सोपा होता, हेही सांगायला हवे. शिंग ताणता येत नाही. शंभर वर्षांनीही कोणी टेप लावून पडताळू शकतो. कवटीचेही तसेच. म्हणून शिंगाच्या बाबतीत शिकाऱ्याचा शब्द उरतो तो दोनच गोष्टींपुरता: मारले कोणी आणि कुठे. ‘कुठे’ हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. दक्षिण चांद्यात एके काळी रानरेडे होते. आज महाराष्ट्रात ते गडचिरोलीच्या कोलामार्का परिसरापुरते उरले आहेत आणि त्यांच्यासाठी तिथे संरक्षित क्षेत्र आहे. जुन्या शिंगांच्या खालच्या पाटीवर गाव चुकीचे असेल, तर रानरेडा कुठपर्यंत पसरला होता हा इतिहासच चुकतो. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 मध्ये स्थापन झाली. तिच्या नियतकालिकाला शिकाऱ्यांची पत्रे येत आणि त्या पत्रांतून प्राण्यांच्या वस्तीचे नकाशे तयार होत. फुशारकीतून आलेली माहितीही त्यात मिसळलेली आहे आणि ती वेगळी काढणे आता अवघड आहे.

कातडी टिकवायची तर कमावणाऱ्याकडे पाठवावी लागत. म्हैसूरचे व्हॅन इंगेन हे त्यातले सर्वांत नावाजलेले घराणे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून 1999 पर्यंत त्यांचा कारखाना चालला. देशभरातून आलेले वाघ तिथून डोळे वटारून, जबडा वासून परत जात. बहुतेक वाघ मारले गेले तेव्हा जबडा वासून नव्हते. पण मालकाच्या गोष्टीत वाघ अंगावर आलेला असे, म्हणून कारागीरही तोच वाघ घडवी. इथे वस्तूच शब्दाची साक्षीदार बनवली जात होती.

ताडोब्याच्या तळ्याकाठी याच्या अगदी उलट उदाहरण आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, अशी तिथली कथा आहे. त्याच्या नावाने देऊळ उभे राहिले, पौषात जत्रा भरते आणि त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव आले असे मानले जाते. त्या झुंजीचे ना कातडे आहे, ना नख. कोणी ते मागितलेलेही नाही.

ताडोब्यात 1935 मध्ये शिकार बंद झाली आणि 1955 मध्ये 116 चौरस किलोमीटरहून थोडे अधिक क्षेत्र राष्ट्रीय उद्यान ठरले. बाकीच्या जंगलात मात्र स्वातंत्र्यानंतर शिकारीला ओहोटी लागण्याऐवजी भरती आली. राजे आणि मालगुजार होतेच, त्यांत जीपमधून सर्चलाइट टाकणारे नवे परवानाधारक आले. मध्य भारतात परदेशी पाहुण्यांना शिकार घडवून देणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. नागपूरची ॲल्विन कूपर ही त्यांतली एक. या धंद्यात शब्दाचे रूप बदलले. पूर्वी शिकारी घरच्यांना आणि क्लबाला गोष्ट सांगे. आता पाहुणा पैसे मोजून गोष्ट विकत घेत होता. वाघ मिळाला की छायाचित्र निघे, बूट वाघावर, बंदूक हातात. छायाचित्राने वाघ मेला हे सिद्ध होई, पण गोळी कोणाची हे काही त्यातून दिसत नसे.

1968 मध्ये कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली. नोव्हेंबर 1969 मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची परिषद भरली आणि वाघाची शिकार थांबवावी असा ठराव झाला. 1970 मध्ये देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी आली. 1972 च्या गणनेत 1,827 वाघ मोजले गेले, त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि 1 एप्रिल 1973 ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला.

या कायद्याने भिंतीवरचे कातडे दप्तरात आणले. कलम 40 प्रमाणे ज्यांच्याकडे संरक्षित प्राण्यांच्या ट्रॉफी होत्या त्यांनी कायदा लागू झाल्यापासून तीस दिवसांत घोषणा करायची होती. मग चौकशी, यादी आणि कलम 42 प्रमाणे मालकीचे प्रमाणपत्र; शक्य तिथे वस्तूवर ओळखीची खूण. विदर्भातल्या मालगुजारांच्या वाड्यांत दिवाणखान्यात वाघ होताच. आजोबांनी अमुक साली अमुक पहाडीत मारला, हे घरात सगळ्यांना पाठ असे, पण परवाना कोणी जपून ठेवलेला असेलच असे नाही. शिकारी वारलेला, बरोबरचे हाकेवाले वारलेले. अधिकाऱ्याला शेवटी नातवाच्या शब्दावरच प्रमाणपत्र लिहायचे होते. खुद्द शिकाऱ्याचा शब्द निदान पाहिल्याचा होता, हा ऐकल्याचा.

असा वारशाने आलेला शब्द किती वजनाचा, याचे मराठी माणसाला जवळचे उदाहरण 2024 मध्ये साताऱ्याला आले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे तिथे प्रदर्शनात मांडली गेली. शिवाजी महाराजांनी वापरलेली ती हीच, हा दावा इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याच्या घराण्याकडून आलेल्या पेटीवरच्या मजकुरात आहे. पेशव्यांच्या प्रधानाने ती डफला दिली असे त्यात म्हटले आहे. संग्रहालयाची स्वतःची भूमिका सावध आहे: ही तीच वाघनखे, हे पडताळता आलेले नाही. मालकाच्या सांगण्याची नोंद ठेवायची, पण आपली सही त्याखाली करायची नाही, ही रोलंड वॉर्डचीच रीत.

कायद्याने मात्र पुढे ही सभ्यता सोडली. 2003 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, ज्यांनी आधी घोषणा केली नव्हती त्यांना 18 एप्रिल 2003 पासून 180 दिवसांची शेवटची मुदत मिळाली. त्यानंतर प्रमाणपत्राशिवायचे कातडे बेकायदा, आणि प्रमाणपत्र असले तरी विकणे किंवा भेट देणे बंद. जाईल ते फक्त वारशाने. कलम 57 ने पुराव्याचा भारही उलटा केला. वस्तू ज्याच्या ताब्यात सापडेल, तिचा ताबा बेकायदा आहे असेच धरले जाते. कायदेशीर असल्याचे त्याने सिद्ध करायचे. एके काळी गावकऱ्याला लावलेला नियम सर्वांना लागू झाला.

दरम्यान वाघाचे कातडे स्वतःच बोलू शकते हे कळले होते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, इतकेच नव्हे तर एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचेही पट्टे जुळत नाहीत. नव्वदच्या दशकात उल्हास कारंत यांनी नागरहोळेत आपोआप छायाचित्रे घेणारे कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ मोजायची पद्धत रुळवली. 2009 मध्ये लेक्स हिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले: वाघाच्या शरीराच्या त्रिमिती नमुन्यावर पट्टे पसरून, जिवंत वाघाचे छायाचित्र आणि सोललेले कातडे यांची जुळणी संगणकाने करता येते असे त्यांनी दाखवले. कातडे किती ताणले, कुठे दुमडले, याने फरक पडत नाही. फुटाचा वाद घालणाऱ्यांना हे ऐकायला मिळाले नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाकडे आता देशभरच्या वाघांच्या छायाचित्रांचा संग्रह आहे. जप्त कातडे त्याच्याशी ताडले की वाघ कोणत्या जंगलातला हे कळू शकते.

खेळाच्या बाजारातही हीच वाट धरली गेली. 22 जून 1986 ला मेक्सिकोत इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने हाताने केलेल्या गोलाच्या वेळचा शर्ट 2022 मध्ये लंडनला सदबीजने लिलावात काढला. इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने तो सामन्यानंतर अदलाबदलीत मिळाल्याचे सांगितले होते. मॅराडोनाची मुलगी मात्र, हा पूर्वार्धातला शर्ट, गोलाच्या वेळचा नव्हे, असे म्हणाली. एका शब्दाविरुद्ध दुसरा शब्द. अखेर सामन्यातली छायाचित्रे आणि शर्टावरचे बारीक फरक जुळवून निर्णय झाला आणि शर्ट 71 लाख पौंडांवर गेला. कापडावरच्या शिवणीने केलेले काम आणि कातडीवरच्या पट्ट्यांनी केलेले काम एकच आहे. फरक इतकाच की शर्ट पुन्हा शिवता येतो.

आणि कातडेही शिवता येते, असे म्हणायला हवे. चोरट्या बाजारात रंगवलेली गुरांची किंवा कुत्र्यांची कातडी वाघाची म्हणून आणि शिंगातून कोरलेली नखे वाघनखे म्हणून खपवली जातात. अशा वस्तूंसाठी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत केसांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि हैदराबादच्या सीसीएमबीच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासतात. 2023 मध्ये गुवाहाटीला वाघाचे कातडे आणि हाडे पकडली गेली, तेव्हा तपासाचा धागा थेट गडचिरोलीच्या जंगलापर्यंत पोहोचला आणि तिथे अटका झाल्या. आता शिकारी आपला पराक्रम सांगत नाही, लपवतो.

तरीही शिकाऱ्याच्या शब्दाचा प्रश्न एकदा शेजारच्या यवतमाळात पूर्वीच्याच रूपात उभा राहिला. पांढरकवडा भागात माणसे मारल्याच्या ठपक्यावरून टी-1 वाघीण, लोकांच्या तोंडी अवनी, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री मारली गेली. गोळी झाडणाऱ्या खासगी शिकाऱ्याचे म्हणणे होते की बेशुद्धीची सुई लागल्यावर वाघीण अंगावर आली. शवविच्छेदनात आणि प्राधिकरणाच्या चौकशीत सुई बंदुकीतून सुटल्यासारखी नव्हती आणि गोळी समोरून लागलेली नव्हती, असे निष्कर्ष निघाले. वाघ अंगावर आला होता की नाही, हे शंभर वर्षे ज्याच्या त्याच्या तोंडावर सोडले गेले होते. इथे ते वाघिणीच्या शरीरावरून वाचले गेले.

ताडोब्यात शिकारीची जागा पर्यटनाने घेतल्यावर वाघाची ओळख सांगण्याचे काम जिप्सीचालकांकडे आणि वाटाड्यांकडे आले. पांढरपौनीच्या तळ्यावर येणारी माया, म्हणजे टी-12 वाघीण, त्यांच्यातल्या कोणालाही लांबून ओळखता येई. ऑगस्ट 2023 नंतर ती दिसेनाशी झाली. नोव्हेंबरमध्ये जंगलात वाघाचे अवशेष सापडले, तेव्हा कातडीचे पट्टे उरलेलेच नव्हते. ती मायाच, असे सर्वजण म्हणत होते, पण नुसत्या म्हणण्यावर नोंद करण्याचे दिवस गेले होते. वन खात्याने नमुने बंगळूरच्या एनसीबीएस संस्थेला पाठवले. मायाच्या विष्ठेचे आधी घेतलेले नमुने तुलनेला होते. अहवाल आला, डीएनए जुळला, आणि टी-12 मृत असल्याची नोंद झाली.